"तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?" सोयरीक दुसऱ्या चर्चमध्ये जमली तर काय करायचं

जालन्यात आमच्या प्रोटेस्टंट मंडळीचं, म्हणजे चर्चचं, बाप्तिस्म्याचं (ख्रिस्ती दीक्षेच्या विधीचं) रजिस्टर गेली चौदा वर्षं माझ्याकडं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, अक्षर बरं, म्हणून पास्टोरेट कमिटीनं, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीनं, सेक्रेटरी करून टाकलं. तेव्हापासून दरवर्षी दोन-चार घरं एकाच कामासाठी माझं दार वाजवतात. पोराचं नाहीतर पोरीचं कॅथलिक घरात जमलेलं असतं, फादरनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितलेला असतो आणि घरात आजी जेवण सोडून बसलेली असते. "ते कुठले ख्रिस्ती, ते रोमन. मूर्तीपुढं मेणबत्त्या लावतेत." तिकडच्या घरातही अशीच एक आजी असते. तिचं म्हणणं, "ते मिशनवाले. ना मिस्सा, ना मातमाउली. कशाचे ख्रिस्ती?" मिशनवाले म्हणजे आम्ही प्रोटेस्टंट, मिस्सा म्हणजे त्यांची भाकर-द्राक्षारसाची उपासना, मातमाउली म्हणजे मरिया.

दाखला लिहिता लिहिता मी जे सांगत असतो, तेच इथं लिहितो. माझ्या धाकट्या लेकीचं असंच जमलं तेव्हा मी दोन-तीन ठिकाणी तोंडावर पडलो. तेही लिहितो, म्हणजे तुमचं वाचेल.

आधी प्रश्न दुरुस्त करून घ्या. "तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?" हे म्हणजे "तुम्ही मराठवाड्याचे की जालन्याचे?" असं झालं. शेजारच्या हिंदू काकांनी विचारलं तर हसून सोडून द्यावं, पण आपलीच माणसं विचारतात तेव्हा त्यात टोला असतो. सरकारला हा फरक ठाऊक नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती धर्म मानणारा, बस. अनुसूचित जातींबद्दलचा 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश निघाला, त्यातूनही दोघं सारखेच बाहेर राहिले. आणि खरं सांगू का, सोयरीक बघताना "कोणत्या मिशनचे?" असं विचारतात, त्याच्याआड पुष्कळदा जातच विचारलेली असते. त्याच्यावर माझ्या रजिस्टरात काही औषध नाही.

आता दाखला. तो हातात आल्यावर तारखेच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, पाण्यानं बाप्तिस्मा झालाय का. दोन, "पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने" झालाय का. या दोन गोष्टी असल्या की कॅथलिक चर्च त्या माणसाला ख्रिस्तीच धरतं. हे कुण्या उदार फादरचं वैयक्तिक मत नाही. कॅथलिक बिशपांची ट्रेंटची परिषद प्रोटेस्टंटांच्या विरोधातच भरली होती. तिनंही 1547 साली ठरवलं की पाखंड्यानं दिलेला बाप्तिस्मासुद्धा या तीन नावांनी आणि चर्चला जे करायचं असतं ते करण्याच्या हेतूनं दिला असेल तर तो खरा. पुढं त्यांच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 21 नोव्हेंबर 1964 ला भाषा पुष्कळ मऊ केली. पाखंडी जाऊन 'विभक्त बांधव' आले, आणि असं म्हटलं की बाप्तिस्मा झालेले हे लोक आमच्याशी जोडलेलेच आहेत, जोड अपुरी असली तरी.

आपल्या बाजूचंही तसंच. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरचा बाप्तिस्मा 11 नोव्हेंबर 1483 ला झाला, जन्माच्या दुसऱ्या दिवशी, कॅथलिक पद्धतीनं. पुढं पोपशी एवढं भांडण झालं तरी त्यानं दुसरा घेतला नाही. त्याच्या मागून आलेला आपला दुसरा पुढारी कॅल्विन, त्यानंही नाही. म्हणून कॅथलिक सून आपल्या मंडळीत सभासद व्हायला आली तर तिला परत पाणी लावायचं नसतं. एका घरानं पाळकसाहेबांकडं तसा आग्रह धरला होता. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "मग आधी लूथरचा करावा लागंल."

दाखल्यात घोटाळे होतात ते असे. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. त्यात बाप्टिस्ट होते, ब्रेदरन होते, म्हणजे मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे. त्यामुळं आपल्याकडं लहानपणी बाप्तिस्मा चालतो, आणि लहानपणी नुसतं अर्पण (पाण्याशिवाय, लेकरासाठी केलेली प्रार्थना) करून मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेलाही चालतो. आता अर्पण म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. घरात फोटो असतो, पाळकांच्या हातात लेकरू असतं, सगळ्यांना वाटतं झालाच. रजिस्टर उघडलं की नाव नाही. अशा वेळी कॅथलिकांच्या हिशेबी तो मुलगा बाप्तिस्मा न झालेलाच, आणि लग्नाला वेगळी, जास्त अवघड सूट बिशपकडून घ्यावी लागते. तेव्हा हॉल बुक करायच्या आधी रजिस्टर बघायला या. उलटं करून आलेले लोक मी बघितलेत.

दुसरा घोटाळा नव्या प्रार्थनाघरांचा. मागं एक पोरगा दाखला घेऊन आला, छान लॅमिनेट केलेला. वर लिहिलं होतं, "प्रभू येशूच्या नावात बाप्तिस्मा देण्यात आला." एवढंच. काही मंडळ्या पित्याचं आणि पवित्र आत्म्याचं नाव मुद्दामच घेत नाहीत, त्यांची शिकवणच तशी असते. कॅथलिक चर्च हा बाप्तिस्मा धरत नाही, आणि आम्हीही धरत नाही. पण कधीकधी दाखला लिहिणाऱ्यानं नुसता आळस केलेला असतो. म्हणून ज्यानं पाण्यात उतरवलं त्या पाळकाकडून एक पत्र आणायचं, कोणते शब्द म्हटले ते स्पष्ट लिहिलेलं. या पोराला ते पत्र मिळालं, काम झालं. शोध घेऊनही खरंच शंका राहिली तर फादर सशर्त बाप्तिस्मा देतात, "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर..." अशी सुरुवात करून. त्या 'तर'वर चिडू नका. झालेला असेल तर तो पुसायचा नाही, यासाठीच तो शब्द आहे.

या नव्या मंडळ्यांमुळं मला एक अक्कल आली. माझ्या मेव्हण्यानं पन्नाशीत शहागडला गोदावरीत उतरून परत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तो मला विचारतो, "भाऊजी, तुमचं तारण झालं का?" चाळीस वर्षं मंडळीत सतरंज्या अंथरल्या, आणि आता मी नामधारी ख्रिस्ती! कॅथलिकांना तर तो मोजतच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आपण व्याह्यांना "रोमन" म्हणतो तेव्हा त्यांना कसं वाटत असेल.

आता लग्न. कॅथलिक मुलाला किंवा मुलीला आपल्यातल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाशी लग्न करायचं असेल तर त्यांच्या बिशपची परवानगी लागते. अर्ज तिकडचे फादर करतात. आपण द्यायचं ते बाप्तिस्म्याचा दाखला, अविवाहित असल्याचं पत्र, आणि वेळ. किमान तीन महिने धरा. लग्नाआधीचा त्यांचा वर्ग असतो, तिथं दोघांनी जायचं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, तारीख मागू नका.

मी घसरलो ते वचनाच्या कागदावर. जावई घोगरगावकडचा, जिथं फ्रेंच फादरांचं जुनं मिशन. त्याच्यापुढं कागद आला, "मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून शक्य ते सगळं करीन." मी फादरांच्या ऑफिसातच आवाज चढवला, माझ्या लेकीकडून असलं काही लिहून घेऊ देणार नाही म्हणून. फादरनी शांतपणे कागद माझ्याकडं फिरवला. सही फक्त जावयाची होती. लेकीला ते वचन दिलंय हे कळवायचं, एवढंच. 1970 च्या आधी दोघांकडून लिहून घेत. आमच्या वडिलांच्या पिढीनं ते ऐकलं होतं आणि माझ्या डोक्यात तेच बसलेलं. 'शक्य ते सगळं' याचाही अर्थ घर मोडून नव्हे. लेकरांचं काय करायचं हे दोघांनी आधीच बसून बोलावं. बारशाच्या दिवशी बोलायला बसलेली घरं मी बघितलीत, नको ते.

त्याच ऑफिसात फादर म्हणाले, "मास्तर, तुम्ही लग्नाला साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, मानत नाही. आम्ही मात्र तुमच्या लेकीचं लग्न साक्रामेंतच धरणार, कारण दोघांचाही बाप्तिस्मा झालाय." आजीला पटवायला माझ्याकडं याहून चांगला मुद्दा नाही. ख्रिस्ती समजत नसते तर हे म्हणाले नसते.

लग्न आपल्याच चर्चमध्ये हवं असेल तर तेही होतं, पण त्यासाठी बिशपकडून वेगळी सूट लागते. ती न घेता लावलं तर त्यांच्या दृष्टीनं लग्न झालेलंच नसतं, आणि मुलाला पुढं कम्युनियनची, म्हणजे मिस्सात प्रभूची भाकर घेण्याची, अडचण येते. त्यांच्याकडं लागत असेल तर आपल्या पाळकसाहेबांना प्रार्थनेला, आशीर्वादाला बोलावता येतं, फादरना आधी विचारून. फक्त शपथा दोनदा घ्यायच्या नाहीत. सकाळी इकडं, संध्याकाळी तिकडं असा डबल कार्यक्रम करायचा नसतो.

मिस्साच्या दिवसासाठी पाहुण्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा. पहिली प्रभूच्या प्रार्थनेची. आपण "आम्हांला वाइटापासून सोडव" म्हणून थांबत नाही, तसंच पुढं जातो. ते तिथं थांबतात, फादर मध्ये एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे उरलेलं म्हणतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भरलेल्या चर्चमध्ये, पहिल्या बाकावरून, माझा शाळामास्तरी आवाज एकटाच गेला, "कारण की राज्य, सामर्थ्य व..." 'गौरव' गिळला. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. वर्षं झाली तरी हा किस्सा निघतोच.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. कम्युनियनला आपण रांगेत जाऊन हात पुढं करायचा नाही. बाकावर बसून राहा, किंवा रांगेत जाऊन छातीवर हात आडवे धरा. बऱ्याच ठिकाणी फादर आशीर्वाद देतात, आधी विचारून घ्या. इथंच आजीला परत जोर येतो, "बघा, आपल्याला ख्रिस्ती मानतच नाहीत." तिला सांगायचं की ख्रिस्ती असणं आणि एका मेजावर बसणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची श्रद्धा अशी की ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, आणि ते करण्याचा अधिकार प्रेषितांपासून हातावर हात ठेवत आलेल्या बिशपांच्या परंपरेतूनच मिळतो. एकत्र खाणं म्हणजे पूर्ण एक झालो असं सांगणं, आणि पूर्ण एक तर झालेलो नाही. मरणाची वेळ वगैरे अपवाद आहेत, लग्न त्यात आपोआप येत नाही. आपल्या मंडळीत मात्र प्रभूचं मेज म्हणून बाहेरच्या सभासदाला कुणी अडवत नाही. तरी व्याह्यांना आग्रह करू नका. त्यांना त्यांच्या नियमानं घेता येत नाही, उगं अवघडतात.

गोड गोड बोलून चालणार नाही, म्हणून हेही सांगतो. 2000 साली रोमहून एक घोषणापत्र निघालं. त्यात आमच्यासारख्या मंडळ्या खऱ्या अर्थानं 'चर्च' नाहीत असं लिहिलंय. म्हणजे माणूस ख्रिस्ती, पण त्याची मंडळी अर्धीमुर्धी. आमचे त्या वेळचे पाळकसाहेब आठवडाभर धुसफुसत होते. पण आमचं घराणं तरी कुठं सोवळं? जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे नारायण शेषाद्री स्कॉटिश फ्री चर्चचे. त्या स्कॉटिश परंपरेच्या 1646 च्या विश्वासपत्रात पोपला सरळ ख्रिस्तविरोधी म्हटलंय. व्याह्यांनी रोमचा कागद दाखवला की मी हा दाखवतो, म्हणजे फिटंफाट. एवढं असूनही, रोमच्या त्या कागदाच्या आदल्याच वर्षी, 1999 मध्ये, जर्मनीत आउग्सबुर्गला लूथरन आणि कॅथलिकांनी माणूस देवापुढं नीतिमान कसा ठरतो या शिकवणीवर एकत्र सह्या केल्या. ज्या मुद्द्यावरून फाटलं तोच तो. मागाहून मेथडिस्ट आणि रिफॉर्म्डही त्यात आले.

मरियेवरून आणि मूर्तींवरून जेवणाच्या पंगतीत वाद काढू नका. काढलाच तर तुमच्या व्याह्यांना विचारा, "तुम्ही मरियेला काय मागता?" माझे म्हणाले, "आमच्यासाठी विनंती कर, एवढंच." मला ते पटलेलं नाही. पण आजी म्हणते ती देवी त्यांच्या बोलण्यात कुठं नव्हती. सप्टेंबरात ते हरेगावच्या मातमाउलीच्या यात्रेला निघाले की आमच्या घरून धपाटे जातात. यात्रेला मी जात नाही.

नातू झाला, बाप्तिस्मा त्यांच्याकडं ठरला. आपल्यातल्या माणसाला धर्मपिता, म्हणजे लेकराच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारा, होता येत नाही, पण एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता असली की सोबत साक्षीदार होता येतं. हे आधी फादरना सांगून नाव द्यावं. मी दिलं होतं. विधी झाला, फादरनी रजिस्टर पुढं ठेवलं. जाड पुठ्ठा, काळी शाई, आमच्यासारखंच. चौदा वर्षं मी लोकांना बोट ठेवून दाखवतोय सही कुठं करायची ते. तरी पेन टेकलं ते धर्मपित्याच्या रकान्यावर.

"मास्तर," फादर म्हणाले, "एक ओळ खाली."