स्पॅनिश वाचताना शॉर्ट फॉर्मच्या या चुका टाळा

आपल्याकडे स्पॅनिश शिकणारे बहुतेक जण इंग्रजीतून शिकतात, पुस्तक इंग्रजीतलं, डिक्शनरी इंग्रजीतली, त्यामुळे वाक्यं कळायला लागली तरी शॉर्ट फॉर्म दिसला की डोकं परत इंग्रजीवर जातं. मी शिकवते तिथे दर बॅचला त्याच चुका दिसतात. (अक्षरं इथे इंग्रजी नावांनीच लिहितेय, ओळखायला सोपं.)

सगळ्यात महाग पडते ती 'ए. सी.'ची चूक. सालापुढे छोटा ए आणि मोठा सी म्हणजे 'आन्तेस दे क्रिस्तो', आपलं इ.स.पू. पण ए बघितला की लोकांना 'आफ्टर'च आठवतो. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाने मेरिदा या स्पेनमधल्या जुन्या रोमन शहराच्या माहितीपत्रकाचं भाषांतर घेतलं होतं. रोमन सम्राट ऑगस्टसने शहर वसवलं इ.स.पू. २५ मध्ये, याने लिहिलं इसवी सन २५. ऑगस्टस वारला इसवी सन १४ मध्ये! पुढे रोमन थिएटरचं साल होतं १६-१५ ए. सी., आकडे उतरते, तिथे तरी थांबायला हवं होतं ना, तर त्याने छपाईची चूक समजून १५-१६ करून टाकलं. अख्खं काम परत आलं, पैसेही अडकले. घाई, दुसरं काही नाही. मी असं साल दिसलं की लगेच पेन्सिलने वर 'इ.स.पू.' लिहिते आणि मगच पुढचं वाक्य वाचते. 'डी. सी.' म्हणजे 'देस्पुएस दे क्रिस्तो', ख्रिस्तानंतर.

दुसरी चूक डबल अक्षरांची. 'ई ई. यू यू.' दिसलं की चार अक्षरांचे चार शब्द शोधत बसतात. अहो, शब्द दोनच आहेत, एस्तादोस उनिदोस, म्हणजे अमेरिका. अनेकवचन असलं की अशा ठिकाणी पहिलं अक्षर दोनदा लिहितात. 'आर आर. एच एच.' म्हणजे ऑफिसातलं एचआर, 'जे जे. ओ ओ.' म्हणजे ऑलिम्पिक, 'एफ एफ. ए ए.' म्हणजे सैन्यदलं. हे एकदा कळलं की पाठ करायला फार उरत नाही, पण लोकांना ५०० शॉर्ट फॉर्मची पीडीएफ हवी असते, नियम नको असतो. तसल्या पीडीएफ मी कुणाला देत नाही. मी पूर्ण शब्द मोठ्याने म्हणायला लावते, दर वेळी, कंटाळा आला तरी.

नेटो म्हणजे 'ओटान', डीएनए म्हणजे 'ए डी एन', एड्स म्हणजे 'सिदा'. स्पॅनिशमध्ये मुख्य नाम आधी आणि त्याचं वर्णन करणारे शब्द बहुतेक वेळा नंतर येतात म्हणून अक्षरं फिरतात, नवीन काही नाही त्यात.

दुकानाच्या पाटीवर एल, एम, एक्स, जे, व्ही असे वार असतात. एक्स म्हणजे बंद नाही, बुधवार! एम मंगळवारने घेतलाय म्हणून.

पत्त्यात 'सी' आणि तिरपी रेघ म्हणजे रस्ता, 'एस/एन' म्हणजे घराला नंबरच नाही. नंबर शोधत फिरू नका.

चॅटमधलं 'एक्स क्यू' म्हणजे 'पोर्के' ('का' किंवा 'कारण'), कारण गुणाकाराच्या चिन्हाला स्पॅनिशमध्ये 'पोर' म्हणतात. हे वाचता आलं की पुरे, नवशिक्यांनी लिहू नये, आधी पूर्ण स्पेलिंग हाताला बसू दे.

आणि स्पेनमध्ये बाथरूमच्या नळावर सी दिसला तर तो 'कोल्ड' नाही, 'कालिएन्ते', गरम पाणी. थंडाचा नळ एफ, 'फ्रिओ'. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी सांगून ठेवा.