खुळ्याचं इंग्रजी करताना या चुका टाळा

कोल्हापुरात 'खुळा' या एका शब्दावर सगळं भागतं. आई 'खुळं हाय माझं' म्हणते तो लाड, रंकाळ्यावर मित्र 'खुळ्यागत करू नको' म्हणतो तो दम, आणि 'नाद खुळा' म्हणजे तर निव्वळ कौतुक. सूर बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीत तिथे शब्दच बदलावा लागतो, आणि आमच्या क्लासातली पोरं नेमकी तिथंच आपटतात.

सगळ्यात महागात पडतो 'स्टुपिड'. फळ्यावर माझंच स्पेलिंग चुकलं, तर एकजण म्हणाला, 'सर, डोन्ट बी स्टुपिड!' त्याला म्हणायचं होतं, 'काय सर, खुळ्यागत करताय!' पण 'स्टुपिड' थेट अकलेवर घाव घालतो. त्याच्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच बधिर होणं. स्वतःला लावा हवा तर. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसांना नको.

'सिली' त्या मानानं खेळकर. पेपरात वजाबाकीचं चिन्ह राहिलं, ती 'सिली मिस्टेक'. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चक्क 'सुखी, धन्य' होता. मग भोळा, मग बिचारा, असं घसरत तो बावळटावर आला. (क्रिकेटमधला 'सिली पॉइंट' आठवा. बॅटच्या इतक्या जवळ उभं राहायचं म्हणजे खुळेपणाच की!)

पण ओटीपी सांगून खातं रिकामं करून घेतलं, तर ती 'सिली मिस्टेक' नव्हे. तिथं 'फूलिश'. अक्कल आहे, पण ऐन वेळी वापरली नाही, असा त्याचा रोख. म्हणून 'क्लेव्हर' माणसाचा निर्णयही 'फूलिश' असू शकतो. याचं मूळ लोहाराच्या भात्यासाठीच्या लॅटिन शब्दात आहे: नुसती हवा भरलेला माणूस.

'ॲब्सर्ड' शक्यतो माणसाला लावू नका; तो बोलण्याला, नियमाला, कल्पनेला शोभतो. भर एप्रिलच्या उन्हात कुणी पंचगंगेला पूर आल्याचं सांगितलं, तर ते सांगणं 'ॲब्सर्ड'. हसू येण्याइतकं अचाट असेल तर 'रिडिक्युलस'. 'डम'चा मूळ अर्थ मुका, त्यामुळे तो वापरूच नका.

मागे एका मुलीनं तांबड्या रश्श्यावर निबंध लिहिताना 'नाद खुळा'चं 'फूलिश हॉबी' केलं होतं. मी ते खोडून 'इन्सेनली गुड' लिहिलं. तिनं वाचलं, मान हलवली आणि म्हणाली, 'सर, यात तिखट नाही.'