भयकथेची ग्राफिक नॉव्हेल करताना या चुका टाळा

कथा वाचताना पुढच्या वाक्यात काय दडलंय ते वाचकाला कळत नाही. चित्रकथेत मात्र पान उलटलं की समोरासमोरची दोन्ही पानं एकदम नजरेत येतात. डाव्या पानावरचा संवाद वाचून व्हायच्या आतच उजव्या पानाच्या तळाशी काढलेलं भूत दिसलेलं असतं. चित्रं उत्तम असूनही रूपांतर फसतं ते बहुतेक वेळा इथेच.

उदाहरणाला डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 'द मंकीज पॉ' (१९०२) घेऊ. सार्जंट-मेजर मॉरिस हिंदुस्थानातून माकडाचा वाळका पंजा आणतो. हा पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. व्हाइट कुटुंब दोनशे पौंड मागतं. पैसे मिळतात, पण कारखान्याच्या यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. मुलगा परत यावा अशी दुसरी इच्छा आई बापाला मागायला लावते आणि त्याच रात्री दारावर टकटक होते. आई दार उघडायला धावते, तर बाप पंजा शोधून तिसरी इच्छा मागतो.

धक्का उजव्या पानावर ठेवणं

पुस्तकाचं पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणजे विषम पानं उजवीकडे, सम पानं डावीकडे. पान उलटल्यावर आधी दिसतं ते सम पान. त्यामुळे उत्कंठा विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत ताणायची आणि धक्का सम पानाच्या सुरुवातीला द्यायचा.

ही कथा ३२ पानांत, म्हणजे सोळा पानी दोन फर्म्यांत (एकच मोठा कागद छापून, दुमडून होतो तो फर्मा) नीट बसते. पहिली ४ पानं शीर्षक आणि श्रेयनामावलीला. पंजा घरात येतो तो भाग ५ ते १२, मृत्यूची बातमी १३ ते १८, आणि शेवटची रात्र १९ ते ३२. मूळ कथेत रात्रीचा भाग असा काही मोठा नाही, तरी जवळजवळ निम्मं पुस्तक त्याला द्यायचं. परिच्छेद मोजून पानं वाटणारे इथे गोत्यात येतात. जिन्याच्या पायथ्याशी बापाच्या हातातली काडी विझते ती पान २३ च्या शेवटी. पहिली टकटक पान २४ वर.

सगळं जमल्यावर कुणीतरी म्हणतं, "पुढे एक अर्पणपत्रिकेचं पान टाकू या." एक पान वाढलं की पुढचा प्रत्येक धक्का चुकीच्या बाजूला जातो. वाढवायची तर दोन पानं वाढवा. ही चूक पकडायला छपाईआधी कोऱ्या कागदांची डमी दुमडून, तिच्यावर पेन्सिलीने पान-क्रमांक आणि चौकटी टाकून हाताने उलटून बघा. स्क्रीनवर पानं बहुतेक वेळा सुटी दिसतात, त्यामुळे तिथे ती सापडत नाही.

लेखकाने झाकलेलं उघडं करणं

जेकब्ज यांनी दारापलीकडे कोण आहे ते दाखवलेलंच नाही. बापाची तिसरी इच्छाही शब्दांत दिलेली नाही. तो ती पुटपुटतो, एवढंच. तिथे 'परत जा' असा संवादाचा फुगा टाकला की शेवट गेला. दाराच्या फटीतून सडकी बोटं काढण्याचा मोहही असाच. एकदा बोटं दिसली की टकटक उंदराची होती की आणखी कशाची, ही शंकाच उरत नाही.

मग काढायचं काय? दार. आई साखळी काढते, खालचा बोल्ट ओढते, वरच्याला हात पोचत नाही म्हणून खुर्ची लावते. बाप वरच्या खोलीत गुडघ्यांवर रांगत पंजा चाचपतोय. एक चौकट बोल्टची, एक चाचपणाऱ्या हाताची, अशा आळीपाळीने सारख्या आकाराच्या नऊ चौकटी एका पानावर घ्या. पुढच्या पानावर सहा, मग चार. पान २९ च्या शेवटी पंजा ओठांशी. पान ३० वर टकटक थांबलेली. ३१ वर उघडं दार, गार वारा, आईचा आक्रोश. ३२ वर फक्त लुकलुकता दिवा आणि रिकामा रस्ता; एकही शब्द नाही.

घर कोकणात हलवायचं असेल तर कडी-अडसराचा हिशेब आधी करा. वरची कडी आणि खुर्ची काढून टाकली तर बापाला पंजा शोधायला वेळच उरत नाही. शिवाय 'लांबच्या देशातून आलेली वस्तू' ही बाब हिंदुस्थानात घडणाऱ्या कथेत आपोआप बाद होते. तिला दुसरं मूळ द्यावं लागेल.

मजकूर उतरवून काढणं

चित्रात थरथरता हात असताना वर 'तो भीतीने थरथर कापू लागला' असं लिहिणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. निवेदनाची प्रत्येक पट्टी झाकून पान वाचा. अर्थ लागला तर पट्टी उडवा. 'अमानुष', 'भयाण', 'थरकाप उडवणारा' ही विशेषणं सरसकट कापा. फुग्यात वीस शब्दांवर जाऊ नका. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी लागतं आणि फुगे उंच होतात. म्हणून फुग्यांची जागा चित्र काढण्याआधीच राखून ठेवा.

आवाज फाँटमध्ये टाइप करू नका, चित्रासोबत हाताने काढा. पहिली टकटक कथेत जेमतेम ऐकू येते, म्हणून 'टक्' एवढंसं, अंधारात हरवलेलं. शेवटच्या थापा मात्र चौकटीबाहेर जाऊ द्या.

जोडाक्षरं तुटत असतील किंवा पहिली वेलांटी भलतीकडे जात असेल तर दोष सहसा फाँटचा नसतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय, पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. मुक्त, बलू हे युनिकोड फाँट मोफत आहेत.

सगळंच काळं

पहिल्या पानापासून अंधार असला की रात्रीच्या दृश्याला काही शिल्लक राहत नाही. कथा सुरू होते ती शेकोटीजवळ, बुद्धिबळ खेळताना. ती पानं उजळ ठेवा.

छापून आल्यावर अंधारातले तपशील बुडाले असतील तर कारण शाईचं पसरणं. बिगर-चकचकीत कागदावर ८० टक्क्यांपुढची करडी छटा काळीच दिसते. उलट रंगीत छपाईत मोठा काळा भाग नुसत्या काळ्या शाईने फिका येतो. तिथे छपाईच्या चार शाईंचं सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, ब्लॅक १०० टक्के हे मिश्रण चालतं. अक्षरं मात्र शुद्ध काळ्यातच ठेवा, नाहीतर रंग किंचित सरकले की कडा धूसर होतात. रेखाचित्र ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके), रंगीत चित्र ३०० डीपीआय, ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारं चित्र) ३ मिमी आणि बांधणीकडचा समास १५ मिमी. पूर्ण काम सोपवण्याआधी सर्वांत अंधारं पान त्याच कागदावर छापून बघा.

हक्क गृहीत धरणं

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. जेकब्ज १९४३ मध्ये वारले, म्हणजे त्यांची कथा २००४ पासून मुक्त आहे. पण तिच्या मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा, वेगळा. संवाद मूळ इंग्रजीवरूनच लिहा. अलीकडच्या मराठी भयकथांसाठी लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी लागते. त्या करारात रूपांतर, भाषा, छापील-डिजिटल आणि मुदत स्पष्ट लिहून घ्या. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.