माजी सैनिकांची घरपट्टी माफी : अर्ज कसा करायचा

2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली, त्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना एका राहत्या घराची घरपट्टी माफ आहे. पण ही माफी आपोआप लागत नाही बरं का, अख्खं गाव फौजींचं असलं तरी अर्ज केल्याशिवाय बिल येतच राहतं.

सगळ्यात आधी घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. गावात असाल तर ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा, शहरात असाल तर मालमत्ता कराचं बिल पुरे. बऱ्याच घरी इथेच गाडी अडते, कारण घर बांधलं फौजीच्या पैशातून आणि नोंद अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर! मग आधी वारस नोंद करून घ्या, बाकीचं नंतर.

दुसरं म्हणजे नाव जुळतंय का. डिस्चार्ज बुकात (फौजेतून निवृत्त होताना मिळतं ते सेवेचं पुस्तक) 'पाटील एस बी', आधारवर पूर्ण नाव आणि उताऱ्यावर नुसतं 'सदाशिव बाबू' असलं की क्लार्क फाईल बाजूला ठेवतो, त्याचंही चुकत नाही म्हणा. अशा वेळी ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून जोडा. पण पत्नीचं नाव सर्व्हिस रेकॉर्डलाच चुकीचं असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागवू नका, आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहून दुरुस्ती करून घ्या (मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला), कारण उद्या फॅमिली पेन्शनलाही तेच नाव लागणार आहे. वेळ जातो, पण हे काम फौजी हयात असतानाच केलेलं बरं, नंतर एकट्या बाईला फार हेलपाटे पडतात.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक किंवा विधवा ओळखपत्र, आधार, डोमिसाईल (राज्याचा रहिवासी दाखला), उतारा, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स आणि ओरिजिनल सोबत ठेवा. तिथून पात्रतेचा दाखला मिळतो. एजंटच्या नादी लागू नका, ते ऑफिस तुमच्यासाठीच आहे आणि तिथली बरीच माणसं स्वतः फौजेतून आलेली असतात.

तो दाखला आणि 'राज्यात याच एका घरासाठी सवलत घेतोय' असं स्वघोषणापत्र जोडून ग्रामपंचायतीत किंवा पालिकेच्या कर विभागात अर्ज द्या, आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी 'होऊन जाईल' म्हणाले तर समजा काही होणार नाही. जुनी थकबाकीही यात निघून जाईल असं धरू नका, आणि पुढचं बिल आलं की नीट वाचा, पाणीपट्टी वगैरे वेगळी लागू शकते.

नोकरीत असलेल्या जवानांसाठी ही योजना नाही, पण काही ग्रामपंचायतींनी स्वतःचा ठराव करून त्यांचीही घरपट्टी माफ केलीये, तेव्हा ग्रामसभेत विषय मांडायला हरकत नाही.

आणि घर देवळाली, कामठी, देहूरोड अशा कॅन्टोन्मेंट (लष्करी छावणी) हद्दीत असेल तर गोष्ट वेगळी. तिथला कर कॅन्टोन्मेंट बोर्ड घेतं, ते चालतं केंद्राच्या 2006 च्या कायद्यावर, त्यामुळे राज्याचा जीआर (शासन निर्णय) दाखवून उपयोग नाही, सवलतीचं बोर्डाच्या ऑफिसातच विचारा.