हेलिकॉप्टरच्या पात्यांवर बर्फ: या चुका टाळा

समोरची काच स्वच्छ आहे म्हणजे वरची पातीही स्वच्छ असतील, असं धरून चालणं ही पहिली चूक. ढगातलं पाणी शून्याखाली, साधारण उणे 20 अंशांपर्यंतसुद्धा, थेंबांच्या रूपात टिकतं आणि कशावर आदळलं की तिथेच गोठतं. बारीक आणि वेगवान वस्तूवर ते सर्वात लवकर धरतं. पात्याची पुढची धार नेमकी तशीच असते, त्यामुळे काचेवर काही दिसायच्या आत तिथे थर बसलेला असू शकतो.

मग ओळखायचं कसं? टॉर्कवरून, म्हणजे पाती फिरवायला इंजिन किती जोर लावतंय त्यावरून. उंची तीच, वेग तोच, तरी टॉर्कचा काटा हळूहळू वर सरकतोय, म्हणजे पात्यांचा आकार बिघडतोय असं समजा. अशा वेळी कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवणारा दांडा) आणखी थोडा ओढून पुढे जात राहणं ही माझ्या मते सगळ्यात घातक चूक. हाताशी असलेली ताकद अशीच संपत जाते. शिवाय बर्फ धरलेल्या पात्यांवर ऑटोरोटेशनचा भरवसा उरत नाही. इंजिन बंद पडल्यावर खालून येणाऱ्या हवेवर रोटर, म्हणजे पात्यांचा फिरता संच, फिरत राहायला हवा, पण खडबडीत पात्यांचे फेरे झपाट्याने घसरतात.

अचानक हादरे बसू लागले तर एका पात्यावरचा तुकडा सुटलाय आणि दुसऱ्यावरचा तसाच आहे, अशी दाट शक्यता असते. कंट्रोल झटकून उरलेला बर्फ पाडायला जाऊ नका. तो समान सुटेलच असं नाही, आणि सुटलेला तुकडा शेपटीच्या रोटरवर आदळू शकतो.

बाहेर पडायचा रस्ता ढगात शिरण्याआधीच ठरलेला हवा. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारे वैमानिक खाली समुद्रालगत शून्य अंशांहून उबदार हवेचा थर आहे ना, हे आधी बघतात. डोंगराळ भागात ही सोय नसते. तिथे आल्या वाटेने मागे वळणं बरं. गोठणारा पाऊस लागला तर मात्र उबदार हवा वर असते आणि खाली गेल्याने सुटका होत नाही. लगेच वळा, नाहीतर सुरक्षित जागा बघून उतरा. रॉबिन्सन आर44 सारख्या छोट्या हेलिकॉप्टरांना बर्फ धरणाऱ्या हवेत उडायची परवानगीच नाही. ‘थोडाच ढग आहे’ ही सबब तिथे चालत नाही.

तापणारी पाती असली तरी यंत्रणा तपासल्याशिवाय ढगात शिरू नका. एकाच पात्याचा हीटर बंद असेल तर बर्फ असमान सुटतो.

जमिनीवरच्या चुकाही कमी नाहीत. दवाचा पातळ गोठलेला थर ‘उडताना झडेल’ म्हणून सोडू नका. तो खरवडूही नका, पात्याचा पृष्ठभाग खराब होतो. गरम पाणी ओतलं तर ते सांध्यांत शिरून पुन्हा गोठतं. एक पातं पुसून बाकीची तशीच ठेवणं तर त्याहून वाईट. रात्री पात्यांना कव्हर घाला किंवा हेलिकॉप्टर हँगरमध्ये घ्या. पण उबदार हँगरमधून थेट पडत्या बर्फात बाहेर काढलं तर कोमट पात्यांवर बर्फ वितळून पुन्हा गोठतो, म्हणून पाती आधी थंड आणि कोरडी होऊ द्या.

बर्फासकट उतरावं लागलं तर रोटर पूर्ण थांबेपर्यंत कुणालाही जवळ येऊ देऊ नका. सुटणारे तुकडे लांबवर फेकले जातात.