जुन्या गरम पृथ्वीवर लिहिताय? या चुका टाळा

"पृथ्वी पूर्वी याहून गरम होती" हा विषय सध्या लिहिणाऱ्यांचा भलताच लाडका झालाय. दिवाळी अंकांसाठी, कॉलेजच्या पोस्टर स्पर्धांसाठी असलं लिखाण तपासायला माझ्याकडे येतं आणि चुका दरवेळी त्याच. बहुतेकांना लिहायचं असतं पीईटीएमवर, म्हणजे पॅलिओसीन हा भूगर्भीय कालखंड संपून इओसीन हा पुढचा सुरू होताना पृथ्वीला जो ताप चढला त्यावर. साधारण ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. काही हजार वर्षांत हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन आला, जगाचं सरासरी तापमान ५-६ अंशांनी वाढलं आणि गाडी रुळावर यायला दीड-दोन लाख वर्षं लागली. विषय भारी आहे, म्हणूनच वाट लावलेली बघवत नाही.

कार्बन मोजताय की कार्बन डायऑक्साइड?

ही माझी सगळ्यात नावडती चूक. १ टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, कारण कार्बनचं वजन १२ आणि अख्ख्या रेणूचं ४४, बास, एवढंच आहे. पण भूगर्भवाले कार्बनमध्ये बोलतात आणि बातम्या कार्बन डायऑक्साइडमध्ये, आणि घाईत असलेला माणूस दोन्हीकडून एकेक आकडा उचलून भागाकार करून मोकळा होतो.

एका व्याख्यानात वक्त्याने पीईटीएमचा वेग सांगितला वर्षाला १ अब्ज टन, आजचा सांगितला ३७ अब्ज टन, आणि पडद्यावर लाल अक्षरांत "३७ पट!" टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतले एक रिटायर्ड केमिस्ट्रीचे सर उठले आणि शांतपणे विचारलं, "तुमचा पहिला आकडा कार्बनचा आणि दुसरा कार्बन डायऑक्साइडचा, बरोबर ना?" बरोबरच होतं. आज कोळसा-तेल-गॅस जाळून आपण वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन सोडतो, म्हणजे खरा फरक दहाएक पटीचा. आता दहा पट काय कमी आहे का! पण तो फुगवलेला आकडा पकडला गेला आणि पुढचा सगळा वेळ लोक त्या माणसाच्या प्रत्येक स्लाइडकडे संशयाने बघत होते, खऱ्या स्लाइडकडेसुद्धा.

माझी सवय सांगतो. वहीत आकडा लिहिला की त्याच्या पुढे "का" किंवा "काडा" लिहितो, आणि ज्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही तो आकडा वापरतच नाही. एआयकडून सारांश काढून घेणाऱ्यांनी तर हे दोनदा करावं, तिथे एकक सगळ्यात आधी गळतं.

प्रत्येक ठिकाणी सह्याद्री आणू नका

हा खास आपला रोग. जुना ज्वालामुखी म्हटला की मराठी लेखकाला दख्खनच आठवतो, मग पीईटीएमचं खापरही आपल्याच बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडावर. अहो, दख्खनचे मोठे उद्रेक साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, डायनासोर गेले त्या सुमाराचे, म्हणजे मध्ये तब्बल १ कोटी वर्षं. पीईटीएमसाठी ज्या ज्वालामुखींवर संशय आहे ते उत्तर अटलांटिकचे, ग्रीनलंड आणि युरोप फाटत होते तिथले. समुद्रतळाखालच्या मिथेनवरही संशय आहे, आणि "कारण सापडलं!" असं छातीठोक लिहिणाऱ्याने अजून थोडं वाचावं.

दख्खनचा खरा संबंध उलट्या बाजूने आहे. बेसाल्ट पावसात झिजतो तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन नद्यांतून समुद्रात जातो आणि तिथे चुनखडी बनून अडकतो. ताजा लाव्हा घेऊन भारत विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यात शिरला आणि या झिजेने पुढे पृथ्वी थंड व्हायला हातभार लावला, अशी एक मांडणी आहे. यावरून लगेच "आपला सह्याद्री आपल्याला वाचवेल" असं लिहू नका, ही यंत्रणा लाखो वर्षांच्या हिशोबाने चालते. आणि चुनखडीची झीज यात धरू नका, तिने शोषलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रात पुन्हा चुनखडी बनताना परत सुटतो, म्हणजे शेवटी शिल्लक शून्य.

रेघ धारदार म्हणजे घटना एका दिवसातली नव्हे

दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्विस रिज या बुडालेल्या डोंगररांगेवरच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळीचे फोटो बघितले असतील, पांढऱ्या गाळात मध्येच लालसर मातीचा पट्टा. नवखे म्हणतात लाल माती जास्त आली. ती जास्त आलेली नाही, समुद्र आम्लधर्मी झाल्यामुळे बारीक समुद्री जीवांच्या कवचांचा चुना विरघळला आणि उरली ती माती. त्यात भर म्हणजे आधी साचलेला चुनाही खालून खाल्ला जातो, म्हणजे सुरुवातीचीच पानं गायब, आणि मग बघणाऱ्याला वाटतं सगळं क्षणात झालं. वेगाबद्दल बोलायचं तर अशी एकच नळी पुरत नाही, जिथे गाळ भराभर साचला अशा किनाऱ्याजवळच्या जागा बघा. आणि वेग हाच तर सगळा मुद्दा आहे. घाटातून गाडी उतरली काय किंवा कड्यावरून पडली काय, पायथा तोच, म्हणून "पूर्वीही गरम होतीच की" म्हणणाऱ्याला मी आधी किती वर्षांत ते विचारतो.

बाकीच्या पटापट.

कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या एल्समियर बेटावर जिचे जीवाश्म सापडतात त्या मगरी पीईटीएमच्या नाहीत, त्या नंतरच्या, लाखो वर्षं टिकलेल्या इओसीन उबेतल्या. कच्छच्या पानंध्रो खाणीत जीवाश्म सापडलेला वासुकी हा अजस्र साप तर त्याहूनही नंतरचा, सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा.

हिमस्तरांत खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या नळ्या इओसीनसाठी वापरू नका, त्या काही लाख वर्षं मागे जातात, कोटी नाही.

"पूर्वी कार्बन डायऑक्साइड भरपूर असूनही हिमयुग आलं होतं" हे फेकण्याआधी ऑर्डोव्हिशियनमध्ये, म्हणजे साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या कालखंडात, सूर्य आजच्यापेक्षा साधारण ४ टक्के मंद होता हे लक्षात घ्या.

कवचांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून, पीईटीएमचं तापमान काढताना तेव्हा ध्रुवांवर मोठे हिमस्तर नव्हते हे विसरलात, तर उत्तर चारेक अंशांनी जास्त गरम येतं.

आणि आजचा नकाशा चिकटवू नका. हिमालय झालेला नव्हता, भारत आशियाला धडकायच्या बेतात होता. जुन्या काळातले खंड कुठे होते ते दाखवणारं जीप्लेट्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक संध्याकाळ घालवून शिका. तेवढाही वेळ नसेल तर नकाशाशिवाय लेख पाठवा, मला चालतं.