फ्रिजच्या पाण्याच्या लाइनचा जुना कॉक बदलताना

डिस्पेन्सर किंवा आइसमेकर असलेल्या फ्रिजला पाव इंची नळी लागते. ती बहुतेक घरांत ओट्याखालच्या अर्धा इंची अँगल कॉकवरून घेतलेली असते. हा कॉक एकदा बसला की कुणी हात लावत नाही. लाइनला बोरिंगचं पाणी असेल तर आत क्षार धरतो, मग कॉक पूर्ण बंद होत नाही किंवा फिरवला की दांडीपासून ठिबकू लागतो. पॅकिंग बदलत बसू नका, अख्खा कॉकच बदला.

पाइपला पट्टा आवळून सुईने भोक पाडणारा कॉक असेल तर तो काढायलाच हवा. त्याचं भोक क्षाराने बुजतं आणि रबर कडक होऊन गळतं. मात्र तिथे पाइप कापून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकावी लागते. ते काम प्लंबरकडे द्या.

सामान थोडंच लागतं: पाव फेरीत बंद होणारा अर्धा इंची पितळी कॉक, अर्ध्यावरून पाव इंचावर आणणारा पुश-फिट अडॅप्टर (नळी नुसती दाबून बसते), टेफ्लॉन टेप, दोन पाने (स्पॅनर) आणि नवी पाव इंची नळी. नागपुरात इतवारीतल्या लोहाओळीत किंवा आरओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात हे सगळं मिळतं. जुना अडॅप्टर सोबत न्या, म्हणजे आटे जुळवून घेता येतील. टाइल्समुळे भिंतीतला आटा खोल गेला असेल तर आटा बाहेर आणणारी एक इंची एक्स्टेन्शन निप्पलही घ्या.

काम सकाळी सुरू करा, म्हणजे काही अडलंच तर दुकानं उघडी असतात. गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करून घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा ठेवा. धार थांबायलाच हवी. जुने गेट वॉल्व्ह अनेकदा पूर्ण बसत नाहीत. धार बारीक होऊनही चालूच राहिली, तर वॉल्व्हवर जोर लावू नका, त्याची दांडी तुटते. त्यापेक्षा टाकी रिकामी होऊ द्या.

आता नाजूक भाग. भिंतीतल्या एल्बोचा (कॉक ज्यात बसतो त्या वळणाच्या जोडाचा) जो भाग बाहेर दिसतो तो एका पान्याने धरा आणि दुसऱ्याने कॉक डावीकडे सोडवा. सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिक पाइपच्या, एल्बोत पितळी आटा प्लास्टिकमध्ये बसवलेला असतो. तो आतल्या आत फिरला की गळती भिंतीत सुरू होते आणि टाइल्स फोडाव्या लागतात. एल्बो धरायला जागाच नसेल तर झटके न देता हळूहळू पुढे-मागे हलवत सोडवा. सीपीव्हीसीवर ज्योत किंवा गंज काढायचं तेल वापरू नका. उष्णतेने पाइप मऊ पडतो आणि काही तेलांनी त्याला तडे जातात. कॉकचा तुकडा आतच राहिला तर तो बाहेर काढायला निप्पल एक्स्ट्रॅक्टर हे अवजार लागेल.

भिंतीतले आटे जुन्या टूथब्रशने साफ करा. नव्या कॉकच्या आट्यांवर, आट्याचं तोंड तुमच्याकडे ठेवून, टेप घड्याळाच्या दिशेने ताणून गुंडाळा. आपल्याकडची टेप पातळ असते, त्यामुळे दहा-बारा वेढे लागतात. उलट गुंडाळली तर कॉक आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. कॉक आधी हाताने, मग पान्याने तोंड योग्य दिशेला येईपर्यंत आवळा. जागा चुकली म्हणून मागे फिरवू नका. काढून टेप नव्याने लावा. अडॅप्टर वायसरवर बसणारा असेल तर त्याला टेप नको.

नळी ब्लेडने सरळ कापा. तिरप्या कापाची नळी ओ-रिंगवर नीट बसत नाही आणि तिथूनच पाणी झिरपतं. नळी तळाला टेकेपर्यंत दाबा, ओढून पाहा, मग लॉक क्लिप लावा. फ्रिजमागे दोनेक मीटर सैल वेटोळं ठेवा, नाहीतर फ्रिज पुढे ओढताना जोड निसटेल.

फ्रिजला जोडण्याआधी दोन-तीन लिटर पाणी बादलीत सोडा, म्हणजे टेपचे तुकडे आणि क्षार फ्रिजच्या वॉल्व्हमध्ये जाणार नाहीत. जोडल्यावर प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून पाहा. पंधरा मिनिटांनी पुन्हा आणि दुसऱ्या सकाळी एकदा. नंतर दर दोन-तीन महिन्यांनी कॉक बंद-चालू करत राहा.

कॉक नवा, तरी बर्फ अर्धवट होतोय? मग दाब तपासा. बऱ्याच फ्रिजच्या पुस्तिकेत किमान २० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं एकक) लिहिलेलं असतं. टाकीची एक मीटर उंची साधारण १.४ पीएसआय देते, म्हणजे २० साठी सुमारे १४ मीटर हवेत. एकमजली घरात जेमतेम चार-पाच मीटर मिळतात, तिथे लाइनला छोटा प्रेशर पंप लावावा लागतो. फिल्टरवर छापलेलं कमाल तापमानही वाचा, बहुधा ३८ अंश असतं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याहून गरम होऊ शकतं. अशा घरात टाकीवर सावली करा किंवा उन्हातून न येणाऱ्या पाइपवरून जोड घ्या.